चालण्याचे शब्द

"बदक!" पोरं एकदम ओरडली.

"बदक हा पक्षी झाला," आंबर्डेकर सर म्हणाले. "मला पक्षी नको. तो चालतो त्याला काय म्हणायचं, ते सांगा."

शाळेच्या पडवीत हौसा जाधव पाय फाकवून, कंबर हलवत चालत होती आणि स्वतःच हसून लाल झाली होती. तिच्या हातात चिठ्ठी होती. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते फक्त तिला आणि सरांना ठाऊक. बाकीच्यांनी ओळखायचं.

"वॅडल," मी म्हणाले.

"शाब्बास, शिगवण. बस गो हौसा, दमलीस."

आठवीला इंग्रजी शिकवायची सरांची ही तऱ्हा होती. चालणं या एका गोष्टीला इंग्रजीत किती शब्द आहेत, हे फळ्यावर लिहून पोरांच्या डोक्यात जात नाही, ते पायातून जातं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून चहाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने सगळ्यांसमोर चालून दाखवायचं. छाती काढून मिरवत गेला तर स्ट्रट. दमून पाय ओढत गेला तर ट्रज. जेवण झाल्यावर रमतगमत हिंडला तर स्ट्रोल. मांजरासारखा चवड्यांवर गेला तर टिपटो. "आपण मराठीत चालणं एकच ठेवतो आणि कसं ते आधी जोडतो," सर सांगायचे. "लंगडत चालला, रखडत चालला, तोऱ्यात चालला. इंग्रज कंजूष. एका शब्दात उरकतो." हे सांगताना त्यांना इंग्रजीचं कौतुक वाटायचं की मराठीचं, ते मला अजून कळलेलं नाही.

एकदा लिम्पची चिठ्ठी निघाली तेव्हा प्रदीप चाळके म्हणाला, "सर, लंगडा."

"लंगडा कशावरून?" सर म्हणाले. "पायात काटा गेला असेल. चप्पल तुटली असेल. शब्द फक्त पाय बघतो, चाळके. का, ते शब्दाला ठाऊक नसतं. ते त्या माणसाला जाऊन विचारावं लागतं."

हे वाक्य त्यांचं आहे, माझं नाही. म्हणून इथे मुद्दाम सांगून ठेवते.

त्या दिवशी वर्ग पडवीत भरवला होता, कारण कंपनीत पाहुणे यायचे होते. आमच्या खाडीकाठच्या गावात तेव्हा एकच कंपनी होती, रंगाची. शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, आम्ही राहत होतो ती पत्र्याची खोलीही कंपनीच्या चाळीतली. मुंबईहून आणि काही म्हणे परदेशातून मोठे लोक कारखाना बघायला येणार, म्हणून कितीतरी दिवस भिंतींना चुना मारणं चाललं होतं. मोटारी शाळेवरूनच जाणार होत्या. तेव्हा मुलं हसतखेळत इंग्रजी शिकताना दिसली पाहिजेत, असा मुख्याध्यापकांचा हुकूम होता. सरांनी कडक इस्त्रीचा बुशशर्ट घातला होता. मोटार दिसली की एका सुरात "गुड आफ्टरनून" म्हणायची तालीमही आम्ही घोटून केली होती.

जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. रस्ता ओस पडला होता. एवढ्यात प्रदीप चाळके उठून उभा राहिला आणि बोट दाखवून ओरडला, "सर, सर, ते बघा! स्टॅगर!"

सगळी पडवी वळली.

कंपनीच्या बाजूने एक माणूस येत होता. भर उन्हात अनवाणी. दोन पावलं सरळ टाकायचा, तिसरं भलतीकडेच पडायचं. मग थांबायचा, उजवा हात पुढे करायचा, समोर भिंत असावी आणि ती चाचपून बघावी तसा. भिंत नाहीच हे लक्षात आल्यावर स्वतःशीच हसायचा आणि पुन्हा निघायचा.

"रील! सर, हे रील! गरगरतोय बघा!"

"लर्च रे, लर्च. बघ कसा कलंडला!"

पोरांना आयती चिठ्ठी सापडली होती, तीही हातापायांची. हौसा पोट धरून हसत होती. सरसुद्धा हसले. मी पाहिलं.

मग त्या माणसाने तोंड पुसलं. मनगटाच्या मागच्या बाजूने, डावीकडून उजवीकडे. ती पुसायची रीत माझ्या घरातली होती.

"सर, माझे बाबा आहेत," मी उठून म्हणाले.

हसणं थांबलं. एकदम नाही, गळक्या नळासारखं थांबत थांबत. मी पायरीकडे निघाले तर सर आडवे आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बस खाली."

"सर, त्यांना काहीतरी होतंय."

"काही होत नाहीये. घरी जातील, झोपतील. शाळा सुटली की भेट."

"सर, मी फक्त बघून येते."

"पाहुणे कधीही येतील, कुंदा." मग वाकून, मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सगळ्यांसमोर कशाला? आपलीच शोभा होते."

त्यांना माझी दया आलेली दिसत होती. ते मला लाजेपासून वाचवत होते. मी पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी आपली खुर्ची उचलून पायरीच्या तोंडाशी ठेवली आणि तिच्यावर बसले. सगळ्यांना रस्त्याकडे पाठ करून बसायला सांगितलं. पुढची चिठ्ठी काढली. कोणाची होती, कोणता शब्द होता, काही आठवत नाही. आंबर्डेकर सरांचा मला आजही राग येतो, आणि तो माणूस वाईट नव्हता म्हणून जास्तच येतो.

बाबा घरी पोचलेच नाहीत.

त्यांना वाटेत बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. चहाच्या टपरीवाल्याने पाहिलं, सायकलच्या दुकानातल्या दोघांनी पाहिलं. एसटीच्या ड्रायव्हरने तर हॉर्न वाजवून बाजूला केलं होतं. सगळ्यांनी ओळखलं आणि सगळ्यांनी जाऊ दिलं. दिवस कलताना बाजारातून परतणाऱ्या कोळणींना ते खाडीकडच्या रस्त्याच्या मोरीखाली सापडले. पाणी घोट्याएवढं होतं. तोंड पाण्यात होतं.

गावाला यात फारसं नवल वाटलं नाही. बाबा कंपनीत टाकीवर होते. रंगात घालायचं थिनर ज्या मोठ्या लोखंडी टाक्यांत साठवायचे, त्या रिकाम्या झाल्या की आत उतरून तळाचा गाळ खरवडायचा, हे त्यांचं काम. आणि टाकीवाले पितात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कंपनीच्या गेटाबाहेर एक जांभूळ होती. तिच्याखाली हे लोक दुपारचे ओळीने बसलेले असायचे. डोळे लाल, खाडीकडे तोंड, मधूनच कशावरही हसायचे. येणारे जाणारे विचारायचे, "काय रघुनाथ, आज किती झाली?" बाबा हात जोडायचे आणि हसायचे. तिथे का बसता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वारा खायला. टाकीत वारा नसतो ना गो." घरी येताना खिशातून गुळाचा खडा काढून मला द्यायचे. कंपनीकडून मिळतो, म्हणायचे. त्या गुळाला थिनरचा वास यायचा, तरी मी तो चघळायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रेताला उग्र दर्प येतो असं सांगितलं. नमुने मुंबईला तपासायला गेले, त्यांचा काही पत्ता नव्हता. कंपनीला त्यांची वाट बघायची गरज पडली नाही. कंपनीने सांगून टाकलं की रघुनाथ शिगवण पिऊन कामावर आला होता, म्हणून त्याला घरी पाठवण्यात आलं, आणि पुढे जे झालं ते त्याच्या दारूमुळे झालं. चाळीतली खोली रिकामी करा, असा निरोप तेराव्याच्या आधी आला.

"आये, आता कुठे जायचं?" मी विचारलं.

आई चुलीपुढे बसली होती. "खोली घेऊ देत. पण बेवडा म्हणून मी त्याला पोचवला नाय," ती म्हणाली. "इतकी वर्सं त्याच्या शेजारी निजले. त्याच्या तोंडाला थिनर यायचा, दारू नाय. मना वास कळत नाय काय?"

तिला वास कळत होता. पण बायकोच्या नाकाला कोण विचारतो? ती पायी तालुक्याला गेली, पोस्टातल्या कारकुनाकडून अर्ज लिहून घेतला आणि कामगार खात्यात नेऊन दिला. माझा नवरा दारू पीत नव्हता, तो कशाने मेला ते सांगा, एवढंच तिचं मागणं होतं.

शेजारच्या खोलीत भिकाजी आग्रे राहायचे. तेही टाकीवरचेच, बाबांचे जोडीदार. मी त्यांना भिकाकाका म्हणायची. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते बाबांच्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले.

"कुटं गावल्या, भावोजी?" आईने विचारलं.

"तितंच," ते म्हणाले.

"तितंच म्हंजे?"

त्यांनी चपला उंबऱ्यावर ठेवल्या आणि गेले. त्यानंतर ते आमच्या दारावरून जाणंच टाळायला लागले. पाण्याच्या नळावर आई दिसली की हंडा अर्धा भरलेला तसाच उचलायचे.

चौकशी शाळेच्या हॉलमध्ये झाली. कामगार खात्याचे इनामदार साहेब आले होते, जाड चष्म्याचे, सर्दीने बेजार झालेले गृहस्थ. खाडीवरून वारा सुटला होता आणि टेबलावरचे कागद उडत होते, म्हणून खिडक्या दारं लावून घेतली होती. एका बाजूला कंपनीचे नाडगौडा साहेब, टाकीवाल्यांचे सुपरवायझर. त्यांच्यामागे बाकावर भिकाकाका आणि टाकीवरचे आणखी दोघं. दुसऱ्या बाजूला आई आणि मी. मधे सगळी रिकामी जागा. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या स्नेहसंमेलनात मी त्याच जागेवर नाचले होते.

नाडगौडा साहेब थोडक्यात बोलले. टाकी धुण्याचं काम पूर्ण सुरक्षित आहे. आजवर एकाही माणसाची तक्रार नाही. शिगवण चांगला कामगार होता, पण सवय वाईट.

"टाकीत उतरल्यावर चक्कर येते का?" इनामदार साहेबांनी भिकाकाकांना विचारलं.

भिकाकाका उभे राहिले. टोपी हातात घेऊन तिची घडी घालत म्हणाले, "नाय साहेब."

"डोकं दुखणं, झोक जाणं, असलं काही?"

"नाय."

"त्या दिवशी शिगवण कसा होता?"

त्यांनी टोपीची आणखी एक घडी घातली. "सकाळपासून तसाच व्हता."

"तसाच म्हणजे प्यायलेला?"

"व्हय."

आई त्यांच्याकडे बघत होती. ओरडली नाही, रडली नाही. नुसती बघत होती, आणि भिकाकाका खाली बसले तरी तिची नजर हलली नाही. बाकीच्या दोघांनीही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. पाठ केलेली कविता पोरं म्हणतात तशी.

मग आंबर्डेकर सरांना बोलावलं. बाबांना त्या वाटेने जाताना पाहिलेला शिकलेला माणूस तेवढा एकच. सरांचं पोट त्याच कंपनीवर, हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मास्तर, तो माणूस कसा चालत होता?"

"स्टॅगर," सर म्हणाले. "म्हणजे झोकांड्या खात."

"दारू प्यायल्यासारखा?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नाडगौडा साहेबांकडे पाहिलं. "हो. दारू प्यायल्यासारखा."

इनामदार साहेबांनी लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाचा आवाज ऐकल्यावर मला कळलं की झालं. आता कायमचं झालं. आईने आयुष्यभर बेवड्याची बायको म्हणून नळावर उभं राहायचं आणि मी बेवड्याची पोर म्हणून.

"सर म्हणतात तसं नव्हतं," मी म्हणाले. उभी कधी राहिले ते माझं मलाच कळलं नाही. "मी दाखवते."

"काय दाखवतेस?" इनामदार साहेब म्हणाले.

"बाबा कसे चालत होते ते. आम्ही वर्गात दाखवतो. सरांनीच शिकवलंय."

"साहेब, हे काय नाटक चाललंय?" नाडगौडा म्हणाले. "लहान मुलगी आहे, वडील गेलेत, समजू शकतो, पण..."

इनामदार साहेबांनी नाक पुसलं. सरांना विचारलं, "खरंच चालून दाखवतात?"

"हो," सर खाली बघून म्हणाले. "ही चांगलं दाखवते."

"मग दाखवू दे. एक मिनिटाचं काम."

मला कुठल्याही चमत्काराची आशा नव्हती. एवढंच दाखवायचं होतं की दारू प्यायलेला माणूस असा चालत नाही. पिणारे मी चाळीत रोज बघत होते. ते शिव्या देतात, भिंतीला टेकतात, कोणावर तरी धावून जातात. बाबा तसं काही करत नव्हते. बाबा गेल्यापासून मी चाळीमागच्या परसात दुसरं काही केलंच नव्हतं. आई धुणं धुवायला गेली की मी तेच चालायची. म्हणजे ते मला विसरता येऊ नये.

मी चपला काढल्या आणि निघाले.

दोन पावलं सरळ. तिसरं बाहेर. थांबले. उजवा हात पुढे केला आणि हवेत भिंत चाचपली. भिंत नाही. हसले. बाबांचं हसणं कुठून येत होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, पण ते कसं दिसत होतं ते मी सोडलं नाही. मनगटाने तोंड पुसलं. पुन्हा दोन पावलं. मान मागे जात होती, जड झाल्यासारखी, आणि प्रत्येक वेळी मी ती ओढून सरळ करत होते. बाबांनी तसंच केलं होतं. मी टाकीवाल्यांच्या बाकापर्यंत आले तेव्हा डावा गुडघा दुमडू दिला, कारण शाळेपुढच्या वळणावर बाबांचा तो तसाच दुमडला होता.

मी पडले नाही. मला पडायचंही नव्हतं.

पण कोणीतरी मागून माझ्या काखेत हात घालून मला उचललं होतं. भिकाकाका. एका हाताने त्यांनी माझी मान धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. त्याच क्षणी दुसऱ्या टाकीवाल्याने जाऊन खिडकी सताड उघडली. तिसरा माझ्या मागे येऊन, मला पाठ टेकता यावी म्हणून उभा राहिला. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. वारा आत घुसला आणि टेबलावरचे जबाब हॉलभर उडाले.

"तोंड उघडं ठेव," भिकाकाका माझ्या कानाशी म्हणत होते. "बोलू नको. हसू नको. वारा घे, आजून घे." त्यांनी खिशात हात घातला आणि माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. "चघळ. गिळू नको. सुटंल आता, सुटंल."

गुळाला थिनरचा वास होता.

"आग्रे!" नाडगौडा ओरडले.

भिकाकाका दचकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे डोळे उघडे ठेवून, धडधाकट, तोंडात गूळ धरून बघत होते. तेव्हा त्यांना कळलं की हातात पोर आहे, रघुनाथ नाही, आणि हा हॉल आहे, जांभूळ नाही. त्यांचे हात माझ्या काखेतून हळूच निघाले. तरी लगेच दूर गेले नाहीत.

इनामदार साहेब उठून टेबलापुढे आले होते. उडालेले कागद त्यांच्या पायात होते. ते त्यांनी उचलले नाहीत.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

भिकाकाकांची नजर नाडगौडा साहेबांकडे गेली.

"तिघांनाही येतं. कोणी शिकवलं?"

"आग्रे, विचार करून बोल," नाडगौडा म्हणाले.

भिकाकाकांनी टोपी शोधली. ती खाली पडली होती. ती न उचलताच ते बोलायला लागले.

"रोजचंच हाय, साहेब. टाकीत उतरला की थिनर चढतो. पयल्यांदा हसाय येतं, मंग पाय ऱ्हात न्हायीत. वर आला की जोडीदारानं धरायचा. जांभळीखाली बसवायचा, वाऱ्याकडं तोंड करून. गूळ द्यायचा. आन सुटल्याबिगर एकट्याला सोडायचा नाय. आमी आमचंच ठरवलंय, कुनी सांगितलं नाय. ह्ये मना रघुनाथनंच शिकवलं. बाहेर बोललो असतो तर टाकीवरचं काम गेलं असतं. लोक बेवडे म्हनायचे, तर म्हनू दे म्हनायचो."

"आणि शिगवण त्या दिवशी?"

"सकाळी चांगला व्हता. टाकीतूनच वर आला. चपला टाकीच्या झाकणापाशीच ऱ्हायल्या त्याच्या."

आंबर्डेकर सर अजून उभेच होते. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाला घामाचे डाग पडले होते. "साहेब," ते म्हणाले, "माझ्या जबाबात स्टॅगर तेवढं ठेवा. पुढचं खोडा. पुढचं मी पाहिलेलं नाही. मी विचारलं नव्हतं." मग माझ्याकडे वळले, पण मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते मला जमलं नाही, आणि त्यानंतरही कधी जमलं नाही. पुढे मी स्वतः इंग्रजीची शिक्षिका झाले. चालण्याचे शब्द मीही शिकवते, पण माझ्या वर्गात कोणी चालून दाखवत नाही.

त्या दिवशी मात्र पुढचं विचारायचं ते आईने विचारलं. ती उठली, पदर खोचला आणि रिकाम्या जागेतून चालत येऊन भिकाकाकांच्या पुढे उभी राहिली.

"एकट्याला सोडायचा नाय, म्हनता ना?"

"व्हय, वयनी."

"मंग त्याला का सोडलात?"

भिकाकाकांचं तोंड वाकडं झालं. म्हाताऱ्यासारखे दिसायला लागले. "जांभळीखाली त्या दिवशी कोन दिसता नये, असा हुकूम व्हता," ते म्हणाले. "पाव्हणे यायचे व्हते. नाडगौडा साहेब म्हनले, ही बेवड्यांची रांग गेटावर नको, घरी घालवा ह्याला. मना पुन्ना टाकीत उतरवला. मी म्हनलं, मी पोचवून येतो. साहेब म्हनले, जाईल तो आपला."

नाडगौडा साहेब खिडकीबाहेर बघत होते. हॉलमध्ये वारा भरभरून येत होता.

आईने मान हलवली, जणू हिशोब जुळला. मग फार साध्या आवाजात, शेजारच्या बाईला बाजारातलं काही विचारावं तसं, विचारलं, "आले का मंग पाव्हणे?"

भिकाकाकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी खाली आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"नाय, वयनी," ते म्हणाले. "नाय आले."